पिवळं यंत्र घरी पोचवताना

रविवारी सकाळी सभ्य माणसं अंथरुणात लोळत असतात, त्या वेळी मी टेकडीच्या माथ्यावर एका काटेरी झुडपात कमरेपर्यंत शिरलो होतो. उरलेला मी बाहेर होतो आणि त्या भागाला बायको सूचना देत होती.

"अजून आत जा. डावीकडे. तुमच्या डावीकडे नव्हे हो, माझ्या!"

ह्याला खेळ म्हणतात. जगभर काही रिकामटेकडी माणसं डोंगरात, पुलाखाली, झाडांच्या ढोलीत छोटे डबे लपवतात आणि ते कुठे लपवलेत त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. मग दुसरी रिकामटेकडी माणसं ते आकडे घेऊन डबे शोधत हिंडतात. डबा सापडला की आतल्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवून द्यायचा. बक्षीस नाही, काही नाही. 'जिओकॅशिंग' असं भारदस्त नाव मात्र आहे. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी शोधायची तिला सवय, त्यामुळे हा खेळ तिला चांगलाच मानवला. मला डॉक्टरांनी फक्त चालायला सांगितलं होतं. झुडपाचा उल्लेख त्यांनी केला नव्हता.

त्या झुडपात डबा सापडलाच, पण डब्याशेजारी आणखी एक वस्तू हाताला लागली. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, पिवळंधमक यंत्र. वर छोटा पडदा, खाली बटणं, मागे पांढरी चिकटपट्टी. बाहेर येऊन, अंगातले काटे काढत मी ते बायकोला दाखवलं.

"अहो, हे जीपीएस आहे! आपण कुठे आहोत ते सांगणारं यंत्र. कोणीतरी नाव लिहिताना खाली ठेवलं असेल आणि विसरलं असेल."

"म्हणजे आपण कुठे आहोत ते सांगणारं यंत्र स्वतःच हरवलंय," मी म्हणालो. विनोद बरा होता. बायको हसली नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की असं होतं.

"परत करायला हवं," ती म्हणाली.

"करू की. त्यात काय!"

ह्या 'त्यात काय'ने मला आयुष्यात जितकं गोत्यात आणलंय तितकं माझ्या शत्रूंनीही आणलेलं नाही.

घरी येताना जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून जिन्यातच राहतात असं माझं मत आहे. त्यांनी यंत्राकडे दुरूनच पाहिलं आणि एक पायरी वर सरकले.

"हे फुटणारं तर नाही ना?"

"नाही हो. हे रस्ता दाखवतं."

"असंच सांगतात. तुम्ही ते घरात नेऊ नका. आणि इथेही ठेवू नका."

ह्या दोन्ही सूचना एकदम पाळायच्या म्हणजे मला ते यंत्र घेऊन जन्मभर जिन्यात उभं राहावं लागलं असतं. तेवढ्यात समोरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या. वहिनींना कुठल्याही विषयात गती आहे. विषय कुठला, हे कळायचीही त्या वाट बघत नाहीत. त्या म्हणाल्या, "फळ्यावर सूचना लावा. पण काय सापडलं ते मुळीच लिहू नका हं. नाहीतर कोणीही येऊन म्हणेल माझंच."

सेक्रेटरींना हे एकदम पटलं. त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एक वस्तू सापडली आहे. ओळख पटवून घेऊन जाणे,' आणि खाली आमच्या घराचा नंबर टाकला. संध्याकाळपासून आमच्या घराची बेल थांबेना. एकजण मागच्या वर्षी हरवलेली छत्री मागायला आले. एका आजींना डाव्या पायाची चप्पल हवी होती. "नाही, ती नाही सापडली," म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घातलेल्या चपला मला काढून दाखवाव्या लागल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर आत येऊन, स्वयंपाकघरावरून नजर फिरवून, आमची चहाची गाळणी स्वतःची म्हणून ओळखली. दुःखाची गोष्ट अशी की ती खरोखरच त्यांची निघाली.

दुसऱ्या दिवशी सूचना काढून टाकली आणि मी पोलीस चौकीत गेलो. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार कक्षात बसतो, त्यामुळे टेबलाच्या अलीकडे उभं राहण्याचा मला सराव नाही. हवालदारांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुठे सापडलं?"

मी बायकोने दिलेले अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. अगदी दशांश चिन्हांसकट.

"हे आकडे ठेवा तुमच्यापाशी. जवळची खूण सांगा."

"टेकडीच्या माथ्यावरचं झुडूप."

"माथ्याच्या अलीकडे की पलीकडे? अलीकडे असेल तर आमची हद्द. पलीकडे असेल तर त्यांची."

"बरोबर माथ्यावर."

"बरोबर माथ्यावर असं काही नसतं साहेब. तुम्ही झुडपात शिरलात तेव्हा तोंड कुठे होतं?"

मी आठवून सांगितलं की तोंड पलीकडे होतं. हवालदारांनी यंत्र माझ्याकडे सरकवलं. "मग त्यांची हद्द."

टेकडीला वळसा घालून मी दुसऱ्या चौकीत गेलो. तिथल्या हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोंड आमच्याकडे होतं हे ठीक आहे. पण पाय?"

पाय अर्थातच अलीकडे होते. "माणूस जिथे उभा असतो तिथला धरतात," ते म्हणाले. मी दोन हद्दींमध्ये तोंड आणि पाय विभागलेल्या अवस्थेत घरी परतलो. ऑफिसात रजा टाकली होती ती निराळीच.

बायकोने सगळं ऐकलं, यंत्रात नवे सेल घातले आणि एक बटण दाबून धरलं. यंत्राने 'टुंग' केलं.

"हे आधी का नाही केलंस?" मी विचारलं.

"तुम्ही ते कपाटात कुलूप लावून ठेवलं होतंत. पुरावा म्हणून." ती बटणं दाबत राहिली आणि एकदम ओरडली, "अहो, ह्यात 'घर' आहे! मालकाने आपल्या घराची खूण करून ठेवलीय. हा बाण बघा. बाणाच्या मागे गेलं की झालं!"

बाणाच्या मागे जाणं ही गोष्ट सोपी वाटते. पण बाणाला फक्त दिशा कळते. वाटेत घरं आहेत, कुंपणं आहेत, कुंपणांच्या मागे कुत्री आहेत, ह्याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. शनिवारी दुपारी आम्ही निघालो. बाण म्हणे सरळ, आणि सरळ असायची भिंत. मग आम्ही भिंतीला वळसा घालायचो, तेवढ्यात बाण पाठीकडे वळायचा. शेवटी एका अरुंद गल्लीत शिरलो. बायको मला मागून "दोन पावलं डावीकडे, आता थांबा, आता पुढे" असं सांगत होती आणि मी यंत्र छातीशी धरून पावलं टाकत होतो.

कोपऱ्यावरच्या दुकानातून एक शिंपी गळ्यातल्या टेपसकट बाहेर आला. थोडा वेळ त्याने माझी पावलं पाहिली, मग स्वतःच्या दुकानाची पायरी पाहिली.

"साहेब, पायरी जाणार का?"

"कुठे जाणार?"

"रस्तारुंदीत."

"अहो, मी काही मोजत नाहीये."

"आधी असंच म्हणतात," शिंपी खिन्नपणे म्हणाला आणि आत तोंड करून ओरडला, "आले रे मोजायला!"

त्या एका हाकेने गल्ली जागी झाली. खिडक्या उघडल्या. एका बाईंनी दाराबाहेरच्या कुंड्या भराभर आत ओढायला सुरुवात केली. एका गृहस्थाने खांद्यावरचा टॉवेलही न काढता शिडी लावून स्वतःच्या दुकानाची पुढे आलेला पत्रा उचकटायला घेतला. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. कोणीतरी चहा आणला. मी "अहो, माझं ऐका तरी" म्हणत होतो आणि प्रत्येकजण माझं न ऐकता मला आपलं ऐकवत होता.

"तुम्ही आहात तरी कोण?" एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

खरं बोलावं हा संस्कार. मी म्हणालो, "मी पाणीपुरवठा खात्यात असतो."

इतकी वाईट वेळ खरं बोलण्यावर क्वचितच येते. शिंप्याची पायरी बाजूला राहिली. आता नळाला हवा येते पण पाणी येत नाही, समोरच्या ओळीला येतं आणि आम्हाला का नाही, पाइप कुठे फुटलाय ते ह्या यंत्रात दिसतं का, असे प्रश्न चहूबाजूंनी येऊ लागले. आगीतून निघालो ते थेट फुफाट्यात. बायको मात्र खुर्चीत बसून माझा चहा पीत होती. खुर्ची माझ्यासाठी आणलेली होती, हेही नमूद करतो.

तेवढ्यात यंत्र 'टुंग टुंग' वाजलं. बाण गोल फिरला आणि थांबला. लोकांच्या रेट्यात सरकत सरकत मी एका हिरव्या फाटकासमोर येऊन उभा होतो. माझ्यामागे अख्खी गल्ली.

फाटक उघडून चाळिशीतले एक गृहस्थ बाहेर आले. नीटनेटके, चष्मा लावलेले, कपाळाला आठी. त्यांची नजर माझ्या हातातल्या यंत्रावर पडली आणि चेहरा एकदम बदलला. हरवलेली वस्तू परत मिळालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ह्याची मी आठवडाभर कल्पना करत होतो. हा तो नव्हता.

"हे तुमचं का?" मी अभिमानाने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आमचं नाही."

"पण ह्यात 'घर' म्हणून..."

"चुकलं असेल यंत्र. नमस्कार." आणि त्यांनी फाटक लावायला घेतलं.

"अहो, हे तर डॉक्टरकाकांचं!" मागून शिंपी म्हणाला. "पिवळं. मागे चिकटपट्टी. रोज सकाळी घेऊन जायचे की!"

"माझंच आहे ते!" वरच्या खिडकीतून आवाज आला. पांढरे केस, तरतरीत डोळे, पंचाहत्तरी उलटलेले एक आजोबा अर्धे खिडकीबाहेर आले होते. "चिकटपट्टी मी लावलीय! थांबा, आलोच!"

"बाबा, तुम्ही आत जा!"

"आत जाऊन जाऊन कंटाळलोय मी!"

आजोबा खाली आले. दातांचे डॉक्टर होते ते, आता दवाखाना मुलगा चालवत होता. त्यांनी यंत्र दोन्ही हातांत घेतलं आणि त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली. मग माझे आभार मानायच्या ऐवजी म्हणाले, "जरा तोंड उघडा बघू." मी उघडलं. आजवर माझ्या प्रामाणिकपणाची पावती कोणी माझ्या दाढा बघून दिली नव्हती.

दारात सूनबाई उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या पाठीमागून माझ्या बायकोकडे बघत दोन्ही हातांनी 'द्या, देऊन टाका' असं खुणावत होत्या.

चिरंजीवांनी मला बाजूला घेतलं. त्यांची आठी अजून होती, पण आवाज उतरला होता. "तुम्ही चांगल्या मनाने आणलंत हो. पण तुम्हाला माहीत नाही. हे यंत्र घेऊन ते डोंगरदऱ्यांत एकटे हिंडतात. मध्ये एकदा दुपार झाली तरी पत्ता नाही. मी दवाखाना बंद करून अख्खं शहर पालथं घातलं. बाजारामागच्या एका ओट्यावर बसले होते. मी समोर गेलो तर म्हणाले, 'बसा, तुमचा नंबर आला की बोलावतो.' मुलाला ओळखलं नाही हो त्यांनी."

"चष्मा नव्हता माझ्या डोळ्यांवर!" आजोबा मागून ओरडले. त्यांचे कान तरतरीत होते. "तेव्हा यंत्रही नव्हतं. म्हणून तर यंत्र घेतलं! ते हरवलं तर हा म्हणतो, बरं झालं, आता घरात बसा. मी काय करू घरात? भिंतीला दात नसतात."

टॉवेलवाला गृहस्थ शिडीवर तसाच उभा होता. चिरंजीवांनी चष्मा काढून पुसला. मला एकदम कळेना की कोणाची बाजू घ्यावी. बापाचीही खरी होती, मुलाचीही खरी होती, आणि मी मध्ये उगाचच आठवडाभर प्रामाणिकपणा करत आलो होतो.

अशा वेळी बायको बोलते. "असं करू या," ती खुर्चीतून उठत म्हणाली. "रविवारी आमचे हे त्यांच्याबरोबर जातील. ह्यांनाही चालायला सांगितलंय. म्हणजे तुम्हाला काळजी नको."

माझं मत विचारायची पद्धत आमच्या घरात नाही. गल्लीने टाळ्या वाजवल्या. एकट्या शिंप्याने विचारलं, "म्हणजे पायरी राहिली ना?"

रविवारी सकाळी चिरंजीवांनी मला फाटकापाशी उभं करून सूचना दिल्या. बाबांना उन्हात नेऊ नका, घाईने चालू देऊ नका, दर थोड्या वेळाने बसवा, हात सोडू नका. माझ्या गळ्यात एक शिट्टी अडकवली, "ते दिसेनासे झाले तर वाजवा." मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. एका वृद्धाची जबाबदारी आपल्यावर आहे ह्या विचाराने माझी छाती थोडी फुगलीही होती. बायको आणि सूनबाई फाटकात उभ्या राहून हात हलवत होत्या.

टेकडीच्या पायथ्याशीच मला कळून चुकलं की हात सोडू नका ही सूचना निरुपयोगी होती. हात धरायला आधी माणूस गाठावा लागतो. आजोबा काठी काखेत मारून शेळीसारखे चढत होते आणि वरून विचारत होते, "गोड फार खाता का हो तुम्ही?" मी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हतो. माथ्यावर पोचेपर्यंत त्यांनी एक डबा शोधून, नाव लिहून, परत ठेवला होता.

"आता उतारावर दुसरा आहे," ते म्हणाले. "चला."

"जरा थांबा. मी... आडोशाला जाऊन येतो. तुम्ही इथून हलू नका हं, अजिबात." हे मी दरडावून सांगितलं. जबाबदारी होती. पिशवी, पाण्याची बाटली आणि मोबाइल त्यांच्यापाशी ठेवून मी झाडीत गेलो.

सभ्य माणूस आडोसा नीट बघतो. मी थोडा आणखी आत गेलो, मग आणखी थोडा. परत फिरलो तेव्हा सगळी झाडं सारखी दिसायला लागली. ज्या बाजूने आलो त्या बाजूला चाललो तर समोर घळ आली. घळ मी येताना पाहिली नव्हती. दुसरीकडे वळलो तर एका काटेरी झुडपाने पँट धरली आणि गुडघ्याखालचा भाग स्वतःकडे ठेवून घेतला.

मी हाका मारल्या नाहीत. सांभाळायला नेलेल्या माणसाला 'मला सांभाळा' म्हणून हाक मारायची कशी? शिट्टी गळ्यात होती. तीही ते हरवले तर वाजवायची होती, मी हरवलो तर काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. पण ऊन वर आलं, घशाला कोरड पडली आणि प्रतिष्ठेला तहान लागत नाही हे मला उमगलं. मी शिट्टी फुंकली. लांबून एक कुत्रं भुंकलं. मी पुन्हा फुंकली. कुत्रं जवळून भुंकलं. 'भीक नको पण कुत्रा आवर' म्हणायची वेळ आली. मग मी एका दगडावर चढलो आणि सरळ ओरडलो, "डॉक्टरकाका! अहो डॉक्टरकाकाऽऽ!"

"आलो, आलो. ओरडू नका," अगदी मागूनच आवाज आला. आजोबा झुडपं बाजूला करत येत होते. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात माझी पिशवी. "तुम्ही झाडीत शिरलात ना, तिथेच खूण करून ठेवली मी. म्हटलं, हा माणूस जातोय आत्मविश्वासाने, पण परत येईल असं वाटत नाही. तिथून शिट्टीच्या मागे आलो. घ्या, पाणी प्या."

मी पाणी प्यालो. ते शेजारच्या दगडावर बसले. त्यांना दम लागला होता, पण डोळे नुसते चमकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "किती दिवसांनी मी कोणालातरी शोधायला गेलो. आजकाल सगळे मलाच शोधत असतात." आणि उठून त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला. उतरताना बऱ्याच ठिकाणी धरला.

गल्लीत शिरलो तेव्हा फाटकापाशी चिरंजीव, सूनबाई आणि बायको उभी होती. शिंपी टेपसकट होताच. दुपार झाली होती. चिरंजीव रस्त्यावर धावत पुढे आले आणि अर्ध्या वाटेत थबकले. समोरून त्यांचे वडील येत होते, ताठ, टोपी तिरपी, हातात यंत्र. त्यांच्या मागे त्यांची काठी टेकत, एका पायात अर्धी पँट, केसांत काटक्या अशा थाटात मी येत होतो.

त्यांनी वडिलांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वडिलांकडे पाहिलं. कपाळावरची ती आठी पहिल्यांदाच सुटलेली मी पाहिली. हसू दाबण्यासाठी त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, पण ते काही दबेना.

"बाबा," ते म्हणाले, "पुढच्या रविवारी जाल तेव्हा ह्यांचा हात सोडू नका."

"बघू," आजोबा म्हणाले. "फार भटकतात हो ते."

"त्याची काळजी करू नका," बायको मध्येच म्हणाली. "एकदा नीट समजावून सांगितलं की ऐकतात."